कोण कोणत्या खात्यात

१९६३ सालचा एप्रिल. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात गाय बेली नावाच्या अठरा वर्षांच्या जमैकन मुलाने बस कंपनीत कंडक्टरच्या जागेसाठी अर्ज केला. मुलगा रात्रशाळेत शिकणारा, क्रिकेट खेळणारा, सालस. पॉल स्टीफन्सन या तरुण कार्यकर्त्याने त्याची निवड विचारपूर्वक केली होती. ज्याच्यावर कुठेही बोट ठेवता येणार नाही असाच उमेदवार त्याला हवा होता. जागा रिकाम्या आहेत याची आधी फोनवरून खात्री करून घेतली, मुलाखतीची वेळही ठरली. मग उमेदवार वेस्ट इंडियन आहे हे कंपनीला कळलं आणि मुलाखत बारगळली.

या कंपनीत काळी माणसं नव्हतीच, असं नाही. कार्यशाळेत होती, उपाहारगृहात होती. बस धुवायला, दुरुस्त करायला आणि बसवाल्यांसाठी चहा करायला ती चालत होती. चालत नव्हती ती बसमध्ये, ड्रायव्हरच्या आसनावर किंवा तिकिटांची पिशवी खांद्याला लावून प्रवाशांसमोर. तिथला पगार बरा होता, गणवेश होता आणि पैसे हातात घेऊन हिशेब देण्याइतका विश्वास त्या माणसावर टाकलेला असे.

हे कोणी ठरवलं होतं? कंपनीचे व्यवस्थापक इयन पेटी कामगारांकडे बोट दाखवत. काळ्यांना घेतलं तर गोरे काम सोडून जातील, असं त्यांचं म्हणणं. युनियनचे पुढारी म्हणत, नोकऱ्या देणं आमच्या हातात नाही. प्रत्यक्षात युनियनच्या स्थानिक शाखेने १९५५ सालीच ठराव केला होता की ‘रंगीत’ माणसांना बसवर घेऊ नये. या ठरावामागे द्वेष होता, तसं पोटही होतं. मूळ पगार तुटपुंजा असल्यामुळे घर चालायचं ते ओव्हरटाइमवर, आणि ओव्हरटाइम मिळायचा तो माणसं कमी असल्यामुळे. नवी माणसं आली तर ते पैसे जातील ही भीती खरी होती. कामाच्या ठिकाणचा वर्णद्वेष समजून घेताना ही बाजू नजरेआड करून चालत नाही. पगाराची रचना अशी केलेली असते की शेजारी उभा असलेला नवा माणूस आपल्या ताटातला घास पळवायला आला आहे असं कामगाराला वाटावं.

३० एप्रिलला बसवर बहिष्कार सुरू झाला. मागे रॉय हॅकेट, ओवेन हेन्री, ऑडली एव्हन्स, प्रिन्स ब्राउन अशी वेस्ट इंडियन वस्तीतली माणसं होती. अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहराचा १९५५ सालचा बस-बहिष्कार त्यांच्या डोळ्यांसमोर होता. दुसऱ्या दिवशी विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी मोर्चा काढला. राजकीय नेते टोनी बेन उघडपणे बाजूने उभे राहिले. लिअरी कॉन्स्टंटाइन यांचं नाव जुन्या क्रिकेटप्रेमींना ओळखीचं असेल. वेस्ट इंडिजचा हा अष्टपैलू खेळाडू त्या वेळी त्रिनिदादचा लंडनमधला उच्चायुक्त होता, आणि पद सांभाळत गप्प बसणं त्याला जमलं नाही. वीस वर्षांपूर्वी लंडनच्या एका हॉटेलाने रंगावरून नाकारलं तेव्हा त्याने हॉटेलवाल्यांना कोर्टात खेचलं होतं आणि १९४४ साली तो खटला जिंकलाही होता.

चार महिने हे चाललं. २७ ऑगस्टला सुमारे पाचशे बस कामगारांची सभा झाली आणि रंगबंदी उठवायला त्यांनी मान्यता दिली. दुसऱ्या दिवशी, २८ ऑगस्टला, पेटींनी ती उठल्याचं जाहीर केलं. त्याच दिवशी वॉशिंग्टनमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची प्रचंड सभा भरली होती, त्यामुळे ब्रिस्टलची बातमी जगाच्या नजरेतून निसटली. १७ सप्टेंबरला रघबीर सिंग हे शीख गृहस्थ ब्रिस्टलच्या बसवरचे पहिले गोरेतर कंडक्टर झाले. थोड्याच दिवसांत दोन जमैकन आणि दोन पाकिस्तानी कामावर रुजू झाले.

पुढील पानांत कामाच्या ठिकाणी वर्णद्वेषाशी दोन हात करणारी संस्कृती कशी उभी करायची, याचा विचार आहे. त्याची सुरुवात या बसपासून करण्याला कारण आहे. ब्रिस्टलमध्ये कोणाचंही हृदयपरिवर्तन व्हायची वाट बघितली गेली नाही. एक ठराव होता, तो रद्द झाला. एक दार बंद होतं, ते उघडलं. त्या दारातून माणसं आत आली आणि मग, हळूहळू, शेजारी बसून डबा खाताना मनं बदलायला लागली. कामाच्या ठिकाणची संस्कृती याच क्रमाने बदलते. हा क्रम उलटा करून आधी मनं साफ करू आणि मग व्यवस्था आपोआप सुधारेल असं मानणाऱ्यांच्या पदरी फारसं काही पडलेलं दिसत नाही.

मराठी वाचकाला ही गोष्ट परकी वाटण्याचं कारण नाही. कोण कोणत्या खात्यात काम करणार हे जन्मावरून ठरतं, ‘खातं’ या शब्दाचा हा अर्थ मुंबईच्या गिरणगावाला चांगला ठाऊक होता.

गिरणीतल्या मागावर धोटा इकडून तिकडे पळतो. त्याच्या पोटात सुताची कांडी असते. कांडी संपली की विणकर नवी बसवतो, सुताचं टोक धोट्याच्या भोकाशी आणतो, धोटा ओठांना लावतो आणि श्वास आत ओढतो. त्या श्वासाबरोबर सूत भोकातून बाहेर येतं. दिवसभरात हे कितीतरी वेळा करावं लागतं, आणि तोच धोटा पुढच्या पाळीत दुसऱ्याच्या ओठांना लागतो. म्हणून विणकाम खात्यात अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. तो रिंग खात्यात, सूतकताईच्या बाजूला. विणकाम खात्यात पगार जास्त होता. एका श्वासाच्या विटाळावर हजारो घरांची मिळकत ठरत होती.

१९२८ साली मुंबईत गिरण्यांचा सहा महिन्यांचा मोठा संप झाला. सगळ्या खात्यांत काम करण्याचा हक्क अस्पृश्य कामगारांनाही मिळाला पाहिजे, ही मागणी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढे लावून धरली. पुढाऱ्यांनी ती नाखुशीनेच मागण्यांत घेतली. मालकांपुढे ती गेली तेव्हा मालकांनी सांगितलं की हा अन्याय काही आमचा नाही. ब्रिस्टलमध्ये पस्तीस वर्षांनी हाच संवाद झाला, फक्त भाषा इंग्रजी होती. दार बंद असतं, पण कडी कोणी घातली हे विचारलं की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघतो.

फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत आंबेडकरांनी आणखी एक बारकावा सांगितला. रेल्वेत अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून राबायचा, पण पोर्टर होऊ शकत नसे. ओझी उचलायला तो नालायक होता म्हणून नव्हे, तर पोर्टर म्हटला की स्टेशनमास्तर त्याला घरच्या कामालाही लावणार आणि घरात तर तो नको. रेल्वेच्या कोणत्याही नियमावलीत ही अट लिहिलेली नसेल. ती स्टेशनमास्तरच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर लिहिलेली होती. एखाद्या कंपनीच्या धोरणपत्रकात सगळं निर्मळ दिसतं तेव्हा असे उंबरे कुठे आहेत ते शोधावं लागतं.

जात आणि वंश एक नव्हेत, हे इथे स्पष्ट करायला हवं. दोघांचा इतिहास वेगळा, भूगोल वेगळा. तरी मराठी भाषेनेच दोघांना एका शब्दात बांधून ठेवलं आहे. ‘वर्ण’ म्हणजे कातडीचा रंग आणि ‘वर्ण’ म्हणजे चातुर्वर्ण्यातली पायरी. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अर्पण केलं ते निग्रो गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना. आंबेडकरांनी १९४६ साली अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. १९७२ साली मुंबईतल्या तरुणांनी आपल्या संघटनेचं नाव ब्लॅक पँथरवरून घेतलं. ही नाती पुस्तकी नव्हती. दोन्हीकडच्या माणसांनी एकमेकांचं दुखणं ओळखलं होतं. त्यामुळे मराठी माणूस या विषयाकडे परदेशी बातमी म्हणून बघत असेल तर तो स्वतःचाच इतिहास विसरला आहे, असं म्हणावं लागेल.

आता अमेरिकेतल्या एका वीजकेंद्राकडे वळू, कारण या विषयातला सर्वांत महत्त्वाचा कायद्याचा धडा तिथे मिळाला. नॉर्थ कॅरोलायना राज्यात ड्यूक पॉवर कंपनीचं डॅन रिव्हर नावाचं केंद्र होतं. कामगार पंचाण्णव, त्यांतले काळे चौदा. केंद्रात पाच खाती होती आणि हे चौदाही जण एकाच खात्यात होते: मजूर खातं. त्या खात्यातला सर्वाधिक पगार इतर कोणत्याही खात्यातल्या सर्वांत कमी पगारापेक्षाही कमी होता. नोकरीत वंशभेद करायला मनाई करणारा कायदा २ जुलै १९६५ रोजी लागू झाला. नेमक्या त्याच दिवशी कंपनीने नवी अट आणली. मजूर खातं सोडून कुठेही नव्याने लागायचं तर शाळेची पदविका आधीपासून लागत होतीच, आता शिवाय दोन लेखी चाचण्यांत पास व्हायला हवं.

अट सगळ्यांना सारखी होती. गोऱ्यालाही लागू, काळ्यालाही लागू. मात्र त्या राज्यात काळ्यांच्या वाट्याला पिढ्यानपिढ्या वेगळ्या आणि निकृष्ट शाळा आल्या होत्या. आणि ज्या गोऱ्यांना पदविकेची अट येण्यापूर्वी घेतलं होतं, त्यांच्यातले अनेक जण पदविका नसतानाही काम उत्तम करत होते, बढत्याही मिळवत होते. विली ग्रिग्स आणि त्याचे बारा सहकारी कोर्टात गेले. ८ मार्च १९७१ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला की वरून निष्पक्ष दिसणारी अटही बेकायदा ठरते, जर तिच्यामुळे एका समाजाची माणसं बाहेर राहत असतील आणि त्या अटीचा कामाशी संबंध दाखवता येत नसेल. कंपनीचा हेतू काय होता हा प्रश्न त्यामुळे मागे पडला. परिणाम काय झाला, हा प्रश्न पुढे आला.

हा निकाल आजच्या प्रत्येक मनुष्यबळ विभागाच्या भिंतीवर लावावा इतका मोलाचा आहे. ‘आम्ही तर कोणाची जात बघत नाही, रंग बघत नाही, फक्त गुणवत्ता बघतो’ हे वाक्य मनापासून बोललं जातं, यात शंका नाही. पण गुणवत्ता मोजायची फूटपट्टी कोणी आखली, ती कामासाठी लागते का आणि तिच्याने मोजल्यावर नेहमी त्याच घरांतली मुलं का निवडली जातात, हे विचारायची सवय फार थोड्या कचेऱ्यांत आहे.

ब्रिटनला हे पचवायला बराच वेळ लागला. १९६५ चा तिथला पहिला वंशभेदविरोधी कायदा हॉटेलं, सार्वजनिक वाहनं अशा जागांपुरता होता. नोकरी त्यात १९६८ साली आली. १९९३ साली स्टीफन लॉरेन्स या काळ्या मुलाचा लंडनमध्ये खून झाला आणि पोलिसांनी तपासात अक्षम्य हलगर्जीपणा केला. त्याची चौकशी विल्यम मॅकफर्सन यांच्याकडे गेली. १९९९ च्या त्यांच्या अहवालाने ‘संस्थात्मक वर्णद्वेष’ हे शब्द घरोघरी पोहोचवले. एखादी संस्था रंग, संस्कृती किंवा मूळ यांमुळे लोकांना योग्य सेवा देण्यात एकत्रितपणे कमी पडते, आणि त्यामागे नकळत मनात बसलेले ग्रह, अज्ञान आणि बेफिकिरी असते, असं त्यांनी मांडलं. अनेक पोलिसांना तो स्वतःवरचा वैयक्तिक आरोप वाटला. खरं तर त्यात एक दिलासाही होता. दोष एका माणसाच्या काळजात असता तर तो कोणी शोधायचा? कामाच्या पद्धतीत असेल तर पद्धत बदलता येते.

पद्धतीतला दोष किती खोल असतो, हे अर्जावरचं नाव दाखवून देतं. मारियान बर्ट्रांड आणि सेंधिल मुल्लईनाथन या अर्थशास्त्रज्ञांनी बोस्टन आणि शिकागोमधल्या जाहिरातींना हजारो अर्ज पाठवले. पात्रता सारख्याच दर्जाची, फरक नावाचा. काही नावं गोऱ्यांची वाटणारी, काही काळ्यांची. २००४ साली निष्कर्ष छापून आले. गोऱ्या वाटणाऱ्या नावांना मुलाखतीची बोलावणी निम्म्याने जास्त आली होती. आपल्याकडे अमरावती जिल्ह्यात जन्मलेले अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात यांनी पॉल ॲटवेल यांच्याबरोबर हाच प्रयोग इंग्रजी वृत्तपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींवर केला. तो २००७ साली प्रसिद्ध झाला. सवर्ण हिंदू आडनावाच्या तुलनेत दलित आडनावाला बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश भरली, मुस्लिम नावाला एक तृतीयांश. त्याच काळात सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी बड्या कंपन्यांच्या मनुष्यबळ व्यवस्थापकांच्या मुलाखती घेतल्या. जवळपास सगळे गुणवत्तेच्या बाजूने बोलले, आणि जवळपास सगळ्यांनी सांगितलं की उमेदवाराला त्याच्या घरच्या पार्श्वभूमीबद्दल आम्ही विचारतो. पुण्या-मुंबईच्या मुलाखतीत ‘मूळचे कुठले तुम्ही?’ हा प्रश्न किती सहज येतो, ते आठवून बघावं. विचारणाऱ्याला तो आपुलकीचा वाटतो. उत्तर देणाऱ्याच्या मनात त्या दोन सेकंदांत काय काय येऊन जातं, ते त्यालाच ठाऊक.

मग यावर उपाय काय? पहिला सुचतो तो प्रशिक्षणाचा. २०१८ च्या एप्रिलमध्ये फिलाडेल्फियातल्या स्टारबक्सच्या दुकानात कामाच्या बैठकीसाठी वाट बघत बसलेल्या दोन काळ्या माणसांना पोलिसांनी पकडून नेलं. गहजब झाला. २९ मे रोजी कंपनीने अमेरिकेतली आठ हजारांहून अधिक दुकानं दुपारभर बंद ठेवून कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिलं. दुकानं बंद ठेवायची तयारी दाखवली हे चांगलंच. पण एका दुपारीत काय होईल? अलेक्झांड्रा कॅलेव्ह, फ्रँक डॉबिन आणि एरिन केली या समाजशास्त्रज्ञांनी सातशे आठ खासगी आस्थापनांची अनेक वर्षांची आकडेवारी तपासली होती. व्यवस्थापक पदांवर स्त्रिया आणि काळे कर्मचारी वाढवण्यात सर्वांत कमी उपयोग झाला तो पूर्वग्रहांवरच्या प्रशिक्षणाचा. सर्वांत जास्त उपयोग झाला तो कोणा एकावर किंवा एका समितीवर स्पष्ट जबाबदारी टाकल्याचा. किती जण घेतले, किती टिकले, किती वर गेले याचा जाब कोणाला तरी द्यावा लागतो, तेव्हा गोष्टी हलतात.

हे समजायला अवघड नाही. कारखान्यात अपघात कमी करायचे तर सुरक्षा सप्ताहाचे फलक लावून भागत नाही. यंत्राला जाळी बसवावी लागते, अपघाताची नोंद ठेवावी लागते आणि नोंदीखाली कोणाची तरी सही लागते. भेदभावालाही हीच शिस्त लागते. जागा भरताना जाहिरात काढायची की ओळखीतून माणूस आणायचा, मुलाखतीत सगळ्यांना तेच प्रश्न विचारायचे की गप्पांतून अंदाज घ्यायचा, तक्रार साहेबाविरुद्ध असेल तर ती साहेबाच्याच टेबलावरून जाणार की दुसऱ्या वाटेने, या साध्या गोष्टींवर सगळं ठरतं. ओळखीतून भरती हा तर मुंबईच्या गिरण्यांचा जुना रिवाज. कामगार भरणारा जॉबर आपल्या गावची, आपल्या भावकीची माणसं आणायचा. आज ओळखीच्या माणसाचं नाव सुचवलं तर बक्षीस देणाऱ्या कंपन्या तोच रिवाज नव्या नावाने चालवत आहेत, आणि त्यात वाईट काही आहे हे त्यांच्या लक्षातही येत नाही.

सगळं काही नियमांत मावतं असं मात्र नाही. पाण्याचं उदाहरण घ्यावं. १९१७ साली आंबेडकर बडोद्याच्या नोकरीत होते तेव्हा शिपाई कागद त्यांच्या टेबलावर लांबून टाकत. कोलंबिया विद्यापीठातून शिकून आलेल्या अधिकाऱ्याला कचेरीत प्यायला पाणी मिळेना. पुढच्या वर्षी ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. वर्गात विद्यार्थी मन लावून ऐकत, पण प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या भांड्यातलं पाणी त्यांनी प्यायलेलं काही सहकाऱ्यांना खपत नव्हतं. नेमणूक झाली होती, पगार सारखा होता, दार उघडलं होतं. तरी पाण्याच्या भांड्याशी सगळं येऊन थांबत होतं. आजच्या कचेरीत ते भांडं वेगळ्या रूपात असतं: जेवायला कोण कोणाच्या टेबलावर बसतं, कामानंतरच्या चहाला कोणाला हाक मारली जाते, ईशान्येकडून आलेल्या मुलीला तिच्या नावाऐवजी चेहऱ्यावरून काय म्हटलं जातं, आणि तिने तक्रार केली तर ‘गंमत केली गं’ म्हणणारे किती निघतात. २०१४ साली अरुणाचलच्या निडो तानिया या विद्यार्थ्याचा दिल्लीत मारहाणीनंतर मृत्यू झाला. त्यानंतर नेमलेल्या बेझबरुआ समितीने ईशान्येकडच्या माणसांना शहरांत काय सोसावं लागतं ते सरकारपुढे मांडलं. त्याची सुरुवात अशा ‘गमतीं’पासूनच होते.

आणि माणसं एकमेकांजवळ येतात कशी? याचं उत्तर लंडनच्या विल्सडेन भागातल्या ग्रनविक या फोटो धुणाऱ्या कारखान्याने दिलं. १९७६ च्या ऑगस्टमध्ये जयाबेन देसाई या गुजराती बाई सक्तीच्या ओव्हरटाइमला नकार देऊन बाहेर पडल्या. मागोमाग आणखी कामगार आले, बहुतेक पूर्व आफ्रिकेतून आलेल्या भारतीय बायका. साड्या नेसून, वर कोट घालून त्या दोन हिवाळे फाटकाशी उभ्या राहिल्या. १९७७ च्या उन्हाळ्यात देशभरचे खाणकामगार त्यांच्यासाठी आले, क्रिकलवुडच्या पोस्टमननी कारखान्याचं टपाल उचलायला नकार दिला. १९६८ साली स्थलांतरितांविरुद्ध भाषण करणाऱ्या इनॉक पॉवेलच्या समर्थनार्थ मोर्चा काढणाऱ्या लंडनच्या गोदी कामगारांचा बावटाही या बायकांच्या बाजूने दिसला. १९७८ च्या जुलैमध्ये संप फसला. कोणालाही नोकरी परत मिळाली नाही. पण नऊ वर्षांत गोदी कामगार कुठून कुठे आले, हे ज्यांनी पाहिलं त्यांना त्या हरलेल्या संपाची किंमत कळली.

ब्रिस्टलच्या त्या युनियनची वारस असलेल्या ‘युनाइट’ने २०१३ साली, म्हणजे पन्नास वर्षांनी, त्या वेळच्या भूमिकेबद्दल जाहीर माफी मागितली. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी सिॲटल हे जातीवरून भेदभावाला कायद्याने बंदी घालणारं अमेरिकेतलं पहिलं शहर ठरलं. तो प्रस्ताव मांडणाऱ्या तेव्हाच्या नगरसेविका क्षमा सावंत पुण्यात जन्मलेल्या. भारतातून गेलेली मंडळी आपली पाण्याची भांडी बरोबर घेऊन जातात, हे तिथल्या कामगारांनीच पुढे येऊन सांगितलं होतं.

वाचकाला एक विनंती आहे. ज्यांच्या हाती नेमणुकीच्या कागदावर सही करण्याचा अधिकार आहे, मग तो शंभर माणसांचा कारखाना असो की चार माणसांचं दुकान, त्यांनी पुढची पानं वाचण्याआधी आपल्याकडच्या गेल्या दहा नेमणुकांचे कागद काढावेत. त्या जागांची जाहिरात निघाली होती का, घातलेल्या अटी कामाला लागतात का, निवडलेली माणसं कोणाच्या ओळखीची होती, आणि जी आली ती कोणत्या खात्यात आहेत, एवढंच बघावं. आणि जे दिसेल ते लिहून ठेवावं.